सावली आणायला गेलेली बाई

मला फापटपसारा खपत नाही, लहानपणापासूनच. चार वर्षांची असताना मी मामाला गोष्ट सांगताना मध्येच थांबवून म्हणाले होते म्हणे, "मामा, थोडक्यात सांग." त्या दिवसापासून मामाने माझं नाव 'कात्री' ठेवलं आणि ते घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढे मी नोकरीही कात्रीचीच धरली. सूत रंगवण्याच्या ज्या कारखान्यात मामाने निळीच्या हौदावर बेचाळीस वर्षं काढली, तिथल्याच ऑफिसात मी लागले. काम काय, तर कामगारांच्या डोक्यातलं कागदावर उतरवायचं.

कल्पना मॅनेजरबाईंची. दोन वर्षांत अकरा जुनी माणसं निवृत्त होणार होती. बाई म्हणाल्या, "माणसाने जाताना आपला डबा न्यावा, छत्री न्यावी. डोक्यातलं मात्र इथे ठेवून जावं." त्यांनी एक कपाट रिकामं करून घेतलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'कामाच्या वह्या'. माझ्या हातात एक रेकॉर्डर दिला. एकेका माणसाच्या मागे फिरायचं, तो काय करतो, काय बोलतो ते टिपायचं, मग निवडून-पाखडून त्याची सुटसुटीत वही करायची. माझ्यासारखीला हे काम म्हणजे आयतं ताटच वाढून ठेवल्यासारखं होतं. पहिली वही मामाची करायची ठरली.

निळीचं दालन कारखान्याच्या मागच्या अंगाला. छताला काचा, त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या वाफेचा थर, त्यामुळे ऊन आत यायचं ते गाळून, पिठासारखं. त्या दालनात गेलं की माणसाचा आवाज आपोआप खाली उतरायचा. मधोमध एकच मोठा हौद. त्यात नीळ, चुना, कोंडा आणि कोमट पाणी. हे पाणी आंबवलेलं, जिवंत. मामाच्या आधीच्या रंगाऱ्याने ते लावलं होतं आणि तेव्हापासून हौद कधी पूर्ण रिकामा झाला नव्हता. रोज त्याला खायला घालायचं, रोज संध्याकाळी झाकायचं. दिवसातून एकदाच त्यात सूत बुडवता यायचं, नंतर त्याला विसावा लागायचा.

निळीचं पाणी निळं नसतं, हे नव्या माणसाला पटत नाही. ते पिवळट हिरवं असतं आणि वर तांबूस झाक असलेला फेस. पांढऱ्या सुताच्या लडी काठ्यांना अडकवून आत सोडतात. त्या वर येतात तेव्हा हिरव्या असतात. मग वारा लागतो आणि आपल्या डोळ्यांदेखत हिरवा सरकत जातो, निळा येत जातो. मी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि एकदाही मला ते पुरतं खरं वाटलेलं नाही.

हौदाच्या चार बाजूंना चौघी बायका, चार काठ्या. सगळ्यांत जुनी होती तिला सगळे थोरली म्हणत. मामा सकाळी आला की आधी हौदात बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा, फेसावर फुंकर घालायचा. मान हलवायचा. लडी आत गेल्या की स्टुलावर बसायचा आणि गोष्ट सांगायला लागायचा.

गोष्ट बेचाळीस वर्षं एकच. एक बाई विहिरीत डोकावते. खाली पाण्यात तिची सावली. बाई निघते, पण सावली काही तिच्याबरोबर येत नाही, खालीच राहते. मग बाई तिला आणायला पायऱ्या उतरायला लागते. पायऱ्या संपता संपत नाहीत. मध्ये मध्ये टप्पे लागतात, तिथे ती टेकते. एका टप्प्यावर एक म्हातारी सूप घेऊन पाणी पाखडत बसलेली असते. त्याच्याखाली एक ठेंगणं दार, आणि दाराशी झोपलेला पहारेकरी. त्याला हाका मारून उठवावं लागतं. दारापलीकडे आणखी पायऱ्या. अगदी तळाशी पोचता पोचता बाईला वर, पार वरच्या काठावर, कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येतो. ती कान देते. पावलं तिचीच असतात.

इथे मामा थांबायचा. "पुढचं उद्या," म्हणायचा आणि चारही काठ्या वर यायच्या. दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. पुढचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

मी पन्नास दिवस रेकॉर्डिंग केलं. एक्केचाळीस तास भरले, आणि त्यातले तेहतीस तास ही बाई पायऱ्या उतरत होती. मी कपाळाला हात लावला. एखाद्या दिवशी पहारेकरी एका हाकेत उठायचा, एखाद्या दिवशी सात हाका मारल्या तरी कुशीवर वळायचा. कधी म्हातारी बाईला नुसतं "जा" म्हणायची, कधी तिला बसवून घेऊन लेकीसुनांच्या तक्रारी सांगायची. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर. गोष्ट एकतीस मिनिटांत संपली तर एकतीस, पन्नास लागली तर पन्नास. मी पन्नास दिवसांची सरासरी काढली आणि वहीत लिहिलं: 'सूत चाळीस मिनिटे बुडवावे. दर दहा मिनिटांनी लडी फिरवाव्यात.' चुना किती, कोंडा किती, पाणी किती कोमट, सगळं नीट. एकूण नऊ पानं.

मॅनेजरबाईंनी ती वही सगळ्यांना दाखवली. पुढची वही बॉयलरवाल्याची होती आणि रेकॉर्डरच्या कार्डात जागा उरली नव्हती. मी मामाचे एक्केचाळीस तास पुसून टाकले. मला कुणी सांगितलं नव्हतं. टापटिपीची सवय, दुसरं काय.

निरोपाच्या दिवशी मामाने वही उलटसुलट करून पाहिली. "बराच बारीक झालोय की मी," तो म्हणाला. मग चष्मा काढून विचारलं, "आणि बाई कुठाय?"

"कोण बाई?"

"आपली. सावलीवाली."

"ती कशाला कामाच्या वहीत?"

"तिच्याशिवाय मला नसतं बाई सांगता आलं," तो म्हणाला आणि हसला. "कात्री ती कात्रीच." मला तेव्हा वाटलं, निवृत्तीच्या दिवशी माणूस हळवा होतो, होऊ द्यावं.

पाच आठवड्यांनी मामाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. राहिला एकच शब्द: मग. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादा मागे राहतो, का ते आम्हालाही ठाऊक नाही. पाणी हवं असलं तरी मग. उशी टोचली तरी मग. मी दिसले की, मग. मामी सुरुवातीला पदराआड रडायची. नंतर म्हणायला लागली, "आता ह्या एका शब्दावर संसार करायचा. आधीही फार काही वेगळं नव्हतं, मेला कामावरच सगळं बोलून यायचा."

इकडे नीळ बिघडली. नवा रंगारी सज्जन माणूस, चाळिशीचा, रसायनशास्त्र शिकलेला. माझी वही त्याने पाठ केली होती. घड्याळ लावून चाळीस मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. पण सूत वर यायचं ते पट्ट्यापट्ट्यांचं. एकीकडे गडद, एकीकडे धुरकट, आणि धुतलं की पाण्यात अर्धा रंग. जुन्या गिऱ्हाइकाकडून माल एकदा परत आला, दुसऱ्यांदा आला. मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"तिसरी खेप गुरुवारी हौदात बुडवायची," त्या म्हणाल्या. "तीही परत आली तर सोमवारी हौद सांडायचा. तयार पुडीचा रंग आणि यंत्र. माझ्याही हातात मग काही राहत नाही."

थोरलीला हे कळलं तेव्हा ती हौदाच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "सांडला की संपला," एवढंच म्हणाली. "असा पुन्हा लागत नाही."

मंगळवारी सकाळी मी वही घेऊन हौदापाशी जाऊन बसले. चूक नक्की रंगाऱ्याची असणार, असं मला मनातून वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याची काही चूक नव्हती. दहा मिनिटांनी गजर झाला, बायकांनी लडी फिरवल्या. फिरवताना चौघी एकमेकींकडे बघत होत्या, परक्या स्वयंपाकघरात डबे उघडताना बघतो तशा.

"थोरले," मी विचारलं, "आधी कसं कळायचं तुम्हाला, कधी फिरवायचं ते?"

"वेळ झाली की फिरवायचो, ताई."

"पण वेळ झाली हे कसं कळायचं?"

थोरलीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. निळे, कोपरापर्यंत. "ते म्हणायचे ना, बाई टप्प्यावर टेकली," ती हळूच म्हणाली. "तेव्हा फिरायचे हात."

वाफ वर काचांकडे जात होती. मग समोरची उंच बाई म्हणाली, "पहारेकरी उठेपर्यंत हलवायचं नाही. तो उठला की काठी खाली दाबायची." तिसरी म्हणाली, "म्हातारीने पाखडायला घेतलं की आपणही लडी हिंदकळवायच्या." बोलता बोलता त्या स्वतःच थबकल्या. इतकी वर्षं हे त्यांचे हात करत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, पण वेगळंच काहीतरी.

मामाची लहर वगैरे काही नव्हती. सकाळी बोट बुडवून, वास घेऊन तो ठरवायचा की आज हौद आळसावलाय का तापलाय, आणि त्याप्रमाणे पहारेकऱ्याला झोप लागायची. म्हातारी बोलघेवडी व्हायची ती हौदाच्या तब्येतीवर. तेहतीस तास तो मला कामच सांगत होता. मी त्याची सरासरी काढली होती.

ऑफिसात धावत जाऊन मी रेकॉर्डर लावला. बॉयलरवाला खोकत होता आणि झडप कुठल्या बाजूला फिरवायची ते सांगत होता. सगळं कार्ड ऐकलं. कुठे एखादा तुकडा राहिला असेल, चुकून. नव्हता. मी टेबलावर डोकं टेकून रडले. मला मामाचा आवाज हवा होता. वहीसाठी नाही, मला हवा होता, आणि तो मी माझ्या हाताने पुसला होता.

दुपारी एका बरणीत हौदातलं पाणी घेऊन मामाकडे गेले. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. मी त्याच्या डाव्या हाताशी बसले. गोष्टच सुरू केली. "एक बाई विहिरीत सावली आणायला गेली."

"मग," मामा म्हणाला.

"पायऱ्या उतरली."

"मग." हा मग वेगळा होता. वर चढत जाणारा, पदर धरून ठेवणारा.

"आधी डोकावली," मी म्हणाले. "सकाळची वेळ. काठ ओला होता. तिने पदर खोचला."

मामाने डोळे मिटले. तेव्हा मला उमगलं. गाळलं की तो मग म्हणत होता, जमलं की डोळे मिटत होता. त्याने माझं मनगट धरलं. मी घाई केली की बोटं आवळायची, ठीक चाललं की सैल पडायची. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट लांबवत होते. पायऱ्यांवर शेवाळ होतं का? मग. होतं, पण डाव्या बाजूला. किती पायऱ्यांनी पहिला टप्पा? अकरा म्हटलं, मग. तेरा म्हटलं, डोळे मिटले. आतून मामी म्हणाली, "म्हातारीच्या सुपाची एक कड फाटकी आहे, ते विसरलीस." बेचाळीस वर्षं तो झोपेतही बडबडायचा म्हणे, तिलाही अर्धी पाठ होती.

पहारेकऱ्यापाशी आल्यावर मी बरणीचं झाकण काढून ती मामाच्या नाकाशी धरली. त्याने दीर्घ वास घेतला. मी गोष्टीतली हाक मारली. एक. मग. दोन. मग. तीन, चार, पाच. पाचव्या हाकेला मामाने डोळे मिटले. आता मी वास घेतला, माझ्या नाकाने. आंबट, जड, ओल्या गवतासारखा. म्हणजे पाच हाकांचा वास हा. बुधवारी सकाळी दुसरी बरणी नेली. त्यातलं पाणी उग्र होतं, नाकात चढणारं, आणि पहारेकरी दुसऱ्याच हाकेला उठून बसला. बुधवारभर आम्ही विहिरीत होतो. मी किती वेळा उतरले कोण जाणे. दुपारी खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर हलत होतं आणि मला ते पाण्यावरून आलेलं वाटायला लागलं. मामीने ताट आणून ठेवलं तर मी तिला विचारलं, हा कितवा टप्पा.

गुरुवारी सकाळी मामाला चाकाच्या खुर्चीतून दालनात आणलं. दाराशी त्याने वर काचांकडे पाहिलं, मग हौदाकडे. बायकांनी हात पुसून त्याच्या पायांना हात लावला. नव्या रंगाऱ्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं. "मीही ऐकतो," तो म्हणाला आणि घड्याळ खिशात टाकलं. मॅनेजरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी रेकॉर्डर काठावर ठेवला आणि चालू केला.

बोट बुडवलं. वास घेतला. कालच्यापेक्षा जड, परवाच्यापेक्षा हलका. मी मनात तीन हाका ठरवल्या. मामाने मनगट धरलं. लडी आत गेल्या.

"एक बाई विहिरीत डोकावली," मी म्हणाले. "सकाळची वेळ. काठ ओला होता."

पहिला टप्पा आला आणि चारही काठ्या एकदम फिरल्या. कुणी सांगितलं नव्हतं. माझा आवाज हळूहळू पाण्याच्या लयीत बसला. मी शेवाळ सांगितलं, भिंतीतून झिरपणारा गारवा सांगितला, फाटक्या कडेचं सूप सांगितलं. म्हातारीने पाखडायला घेतलं, लडी हिंदकळल्या. वाफेत बायकांचे चेहरे दिसेनासे झाले, नुसते हात दिसत होते. मला खरंच वाटत होतं की आपण सगळे खाली चाललोय, दालनासकट.

ठेंगणं दार आलं. मी पहारेकऱ्याला तीन हाका मारल्या. तिसरीनंतर तो उठला, असं म्हणायला तोंड उघडलं, तर मनगटावर बोटं आवळली.

"मग," मामा म्हणाला.

मी चौथी हाक मारली. बोटं सैल झाली. पहारेकरी उठला, काठ्या खाली दबल्या, बाई दारातून वाकून पलीकडे गेली. शेवटच्या पायऱ्या मी इतक्या सावकाश उतरले की मलाच माझा राग यायला हवा होता. तळ जवळ आला. वर पार काठावर पावलं वाजली. बाईने कान दिला.

मी थांबले. चारही काठ्या वर आल्या. लडी हिरव्या होत्या, ठिबकत होत्या. मग वारा लागला. हिरवा हळूहळू मागे सरला आणि निळा आला, टोकापासून टोकापर्यंत एकसारखा. थोरलीने लड हातात घेऊन उजेडात फिरवली, उलटी केली, पुन्हा फिरवली. मग ती मॅनेजरबाईंच्या हातात दिली.

मी मामाकडे पाहिलं. तो निळीकडे बघतच नव्हता. त्याची नजर माझ्यावर होती.

"मग?" तो म्हणाला.

हा तिसराच मग होता. यात चूक दाखवणं नव्हतं, घाई थांबवणं नव्हतं. जन्मभर हा शब्द त्याला इतरांनी विचारला होता, त्याला कुणाला विचारायची वेळच आली नव्हती. पुढे काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यालाही कधी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

"पुढचं उद्या," मी म्हणाले.

मामा हसला, अर्ध्याच तोंडाने. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

ती खेप परत आली नाही. हौद आहे तिथे आहे. मामाची वही मी पुन्हा लिहायला घेतली, ती दीडशे पानांवर गेली. मॅनेजरबाईंनी चाळून विचारलं, "जरा थोडक्यात नाही का करता येणार?" मी म्हणाले, "नाही येणार, बाई." वहीबरोबर एक कार्डही कपाटात ठेवलंय. त्यावर माझा आवाज आहे, पाण्याचा आवाज आहे, आणि दोन ठिकाणी मामा आहे. त्या कार्डाला कुणी हात लावायचा नाही, असं मी वर लिहून ठेवलंय. बॉयलरवाल्याची वही मी पहिल्यापासून करतेय. तो खोकतो कधी, तेही लिहितेय.

पण त्या गुरुवारनंतरच्या शुक्रवारचं सांगायचं राहिलं. सकाळी सात वाजता मामीचा फोन आला. मला वाटलं, काही बरंवाईट झालं. "तुझा मामा बघ," ती म्हणाली. "साडेसहापासून दारात चाकाची खुर्ची लावून बसलाय. मला उठवलंही नाही. सदरा एका हाताने घातलाय, चपला उलट्या पायांत आहेत. विचारलं कुठे निघालास, तर एकच."

मी म्हणाले, "त्याला सांग, मी येतेय न्यायला."